न आलेलीचा घास

“आणि जी आली नाही, तिला काय घातलंस?” अज्जांनी विचारलं.

सातलिंग बोलता बोलता थांबला. तो अंगणातून पळत आला होता. हातात रिकामी परात, छाती वरखाली होत होती. सांगण्यासारखंच घडलं होतं... मोठ्या मोरानं आज त्याच्या तळहातावरून हुलगे टिपले होते. पहिल्यांदाच मूठ संपेपर्यंत.

“कोण आली नाही, अज्जा?”

 अज्जा वाती वळत होते, वळत राहिले.

सांगलीकडची माळरानं जिथं कर्नाटकाकडं उतरू लागतात, तिथल्या एका टेकडीवर हा मठ. दगडी, बुटका. पुढं अंगण, अंगणात लिंब, आणि भोवती बोरी-बाभळींचं रान. त्या रानात मोर.

मठात चन्नय्या राहत. त्या भागात म्हाताऱ्या साधुपुरुषाला अज्जा म्हणतात, म्हणजे आजोबा. चन्नय्यांना सगळा मुलूख अज्जाच म्हणायचा.

सातलिंग बिराजदार खालच्या गावचा पैलवान. कितीतरी मैदानं मारलेला. त्याची पाठ मातीला लागलेली कुणी बघितली नव्हती. फाल्गुनात तो टेकडी चढून आला आणि अज्जांच्या पायाशी बसला.

“सगळे पाडले, अज्जा. एक मन राहिलंय. ते कुठल्या डावानं पडतं तेवढं सांगा. दीक्षा द्या मला.”

“मोरांचं बघ,” अज्जा म्हणाले होते.

तेवढंच.

सातलिंगनं ते काम तालमीसारखं अंगावर घेतलं. बाजरी पाखडायची. हुलगे भिजवून मोड आणायचे. शिंपल्या कुटून त्यांचा चुरा दाण्यात मिसळायचा, कारण अंड्यांच्या दिवसांत पाखराला चुना लागतो असं अज्जांनी सांगितलं होतं. उथळ दगडी डोणींत पाणी भरायचं. चुलीतली राख खड्ड्यात पसरायची, मग मोर त्यात लोळून अंग झाडत.

चैत्र लागला आणि टेकडी जागी झाली. मोरांचे पिसारे पुरते भरले. पहाटेपासून केका सुरू व्हायच्या, एका अंगाची थांबली की दुसऱ्या अंगाची. दोन मोर अंगणातच एकमेकांवर उडाले, नख्या पुढं करून. सातलिंग भिंतीआडून बघत होता. पहिल्या मोरानं दुसऱ्याला बगल दिली तेव्हा त्यानं नकळत स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

मग मोठ्या मोरानं पिसारा उभा केला.

“सगळी पिसं थरथरतात, अज्जा. सळसळ ऐकू येते. माझ्या अंगावर काटा आला. अजून आहे, हे बघा.”

अज्जांनी त्याचा दंड बघितला. खरंच काटा होता. ते हसले.

असे ते दिवस. वैशाख सरला, ज्येष्ठ लागला, आणि मोर सातलिंगच्या हातावर आला. खालच्या गावातून माणसं ते बघायला येऊ लागली. सातलिंग तळहात पुढं करायचा, मोर मान झुकवायचा, माणसं श्वास रोखायची. सातलिंगला मैदान मारल्यासारखं वाटायचं.

आणि आता अज्जांचा हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाणे टाकले आणि पहिल्यांदाच मोराकडं पाठ केली. लांडोरींकडं बघितलं.

आधी सगळ्या सारख्याच दिसल्या. मातकट, घाईतल्या. मग एकीची मान जास्त हिरवी दिसली. एक जरा लंगडत होती. एक दुसऱ्यांना टोचा मारून पुढं घुसायची.

आणि कोपऱ्यात, डोणीच्या कडेला, जिथं सगळ्यांचं झाल्यावर एक लांडोर येऊन उरलंसुरलं टिपायची... तिथं कुणी नव्हतं. तिचा तुरा मोडका होता. एवढं त्याला आठवलं. कधीपासून येत नव्हती, ते आठवेना.

परात तिथंच टाकून तो रानात शिरला.

बोरीच्या काट्यांनी सदरा फाडला. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. त्यानं ओढ्याचं पात्र पालथं घातलं, बांध तपासले. शेवटी गाडीवाट जिथं वळण घेते तिथल्या दाट जाळीपाशी तो दम खायला वाकला, आणि त्याला दोन डोळे दिसले.

काट्यांच्या आत, जमिनीला चिकटून, ती बसली होती. पाचोळ्याच्या रंगाची. पोटाखाली काहीतरी फिकट, गोल.

सातलिंगला ओरडावंसं वाटलं. त्यानं तोंडावर हात दाबला आणि टेकडी पळत चढला.

“सापडली, अज्जा. वळणावरच्या जाळीत. अंडी आहेत खाली. मी एवढ्या जवळ होतो, पण हलली नाही. माझ्या डोळ्याला डोळा लावून बसली होती.”

“घाबरली असेल.”

“मला?” सातलिंग म्हणाला. “मी तर तिचं बघायलाच गेलो होतो.”

अज्जांनी पुढची वात वळायला घेतली.

त्या दिवसापासून सातलिंगचं चित्त त्या जाळीत जाऊन बसलं. अंगणातलं उरकलं की तो ताटली घेऊन निघायचा. मोड आलेले हुलगे, कोथिंबिरीची पानं, शिंपल्यांचा चुरा, एका वाटीत पाणी. काट्यांतून ताटली आत जाईना, तेव्हा त्यानं कोयत्यानं फांद्या तोडल्या आणि ऐसपैस वाट केली. आता हात लांब केला की ताटली थेट तिच्या पुढ्यात जायची.

ती खायची नाही. मान आणखी खाली घालायची.

“लाजते,” सातलिंग अज्जांना म्हणाला. “आज ना उद्या हातावर खाईल. मोर आला, ती का नाही येणार?”

अज्जांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. 

एका दुपारी सातलिंग ताटली घेऊन वाकला, आणि ती फडफडत उठली. त्याच्या खांद्यावरून उडून पलीकडच्या ओढ्यात उतरली.

त्याला पहिल्यांदा अंडी नीट दिसली. पाच होती. साईच्या रंगाची, ऊबदार. तो हरखून बघत राहिला. मग तिला हुडकायला ओढ्याकडं धावला.

मागं वळला तेव्हा त्यानं केलेल्या वाटेवर कावळे उतरले होते.

त्यानं ताटली फेकून मारली. कावळे उडाले. एकाच्या चोचीतून पिवळं काहीतरी गळत होतं.

तो धावत अज्जांसमोर येऊन उभा राहिला.

“एक अंडं गेलं, अज्जा. कावळ्यानं नेलं.”

“आत कसा शिरला? जाळी तर दाट आहे.”

सातलिंगनं मान खाली घातली.

“मी केलेल्या वाटेनं.”

अज्जा उठले. काठी घेतली आणि उतारानं चालू लागले. सातलिंग मागून. जाळीपाशी अज्जांनी काठी ठेवली, तोडलेल्या फांद्या एकेक उचलल्या आणि होत्या तिथं पुन्हा खोचायला लागले. काटे तळव्यांत घुसले. रक्त आलं.

“मला द्या, अज्जा. मी करतो.”

“तू खूप केलंस,” अज्जा म्हणाले.

वाट बुजली. दोघं दूर जाऊन बांधाआड बसले. ऊन भाजत होतं. लांडोरीचा पत्ता नव्हता. अंडी उघडी पडली होती. ती आलीच नाही तर... तो विचार सातलिंगला पुरा करवेना.

सावल्या लांबल्या. ओढ्याच्या काठावर गवत हललं.

एक मोडका तुरा वर आला. थांबला. पुन्हा चालू लागला. ती मान जमिनीबरोबर धरून, वळणं घेत घेत, काट्यांखालून आत शिरली. सातलिंगचा हात आनंदानं मांडीवर पडणार, तोच अज्जांनी तो वरच्यावर धरला.

अज्जांचा हात रक्तानं ओला होता.

“वाट बंद झाली,” अज्जा हलकेच म्हणाले. “आता वाट बघ.”

“आणि तिचं खाणं?”

“दिवसातून एकदा उठते ती. ओढ्याच्या पल्याड, दगडाआड ठेवून ये. आणि पाठ फिरव.”

सातलिंगनं तसं केलं. दगडाआड ताटली ठेवायची आणि मागं न बघता टेकडी चढायची. सगळ्या कुस्त्यांत मिळून त्याला एवढा जोर लागला नव्हता. संध्याकाळी जाऊन बघावं, तर ताटली रिकामी.

“पण खाल्लं कुणी, अज्जा? तिनंच कशावरून? खार असेल, होला असेल.”

“असेल.”

“मग कळायचं कसं?”

“कळून काय करणार आहेस?”

 सातलिंग अंगणात जाऊन घाम फुटेस्तोवर जोर मारत राहिला. मोठा मोर येऊन त्याच्या हाताकडं बघत उभा होता. सातलिंगनं मूठभर दाणे त्याच्यापुढं भुईवर टाकले आणि पुन्हा जोर मारायला वाकला.

एका सकाळी तो ओढ्यावरून परतताना वळणापासून लांब, वाऱ्याच्या अंगाला थांबला. जाळीतून एक बारीक आवाज येत होता. पिचक्या शिट्टीसारखा. एक... मग दुसरा.

तो उड्या मारत मठात आला.

“बोलतायत, अज्जा. अंड्याच्या आतून बोलतायत.”

“आज-उद्या फुटतील,” अज्जा म्हणाले. त्यांचेही डोळे चमकत होते. “आता तिनं उठून चालणार नाही.”

आणि तेवढ्यात खालून हलगी ऐकू आली.

त्या दिवशी बेंदूर होता. सीमेकडच्या गावांत तो ज्येष्ठाच्या पौर्णिमेला येतो. बैलांची शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, गावातून मिरवायचं. यंदा मिरवणूक गावात थांबली नव्हती. ती टेकडीच्या गाडीवाटेला लागली होती.

सातलिंगनं कठड्यावरून बघितलं. गुलाल उडत होता. पुढं हलगीवाले, मागं तालमीची पोरं, त्यांच्या हातात केशरी फेटा. त्यामागं बैल, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. आणि दोन्ही अंगांनी गावची मोकळी कुत्री, झुडपं हुंगत येणारी.

“फेटा कुणाला?” अज्जांनी विचारलं.

“मला,” सातलिंग म्हणाला. त्याला कानोकानी कळलं होतं. तालीम त्याचा सत्कार करणार होती.

टेकडीवर यायला वाट एकच होती. वळणावरून, जाळीला घासून येणारी.

सातलिंगनं अज्जांकडं बघितलं. अज्जा लिंबाखाली बसले होते. डोळे मिटलेले.

तो धावत सुटला.

जाळीच्या खालच्या अंगाला, वळण सुरू होण्याआधीच त्यानं मिरवणूक गाठली आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला.

“सातलिंग आला, सातलिंग आला,” पोरं म्हणाली. हलगी आणखी कडाडली.

“हलगी थांबवा जरा,” तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. जाळी एवढी जवळ असताना मोठ्यानं ओरडणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं हलगीवाल्याचा हात धरायला बघितलं, तर तो हसून गिरकी घेऊन बाजूला झाला.

पुढून दऱ्याप्पा आला. शेजारच्या गावचा पैलवान, आपला बैल घेऊन मुद्दाम मिरवणुकीत आलेला, अंगानं सातलिंगएवढाच. गेल्या साली भर मैदानात सातलिंगनं त्याला घिस्सा मारून चीत केलं होतं. दऱ्याप्पा वर्षभर त्या एका दिवसाचा सल घेऊन जगत होता.

“काय रे सातलिंगा, वाट का अडवतोस? मोरं राखून अंग मऊ पडलं का?”

“दऱ्याप्पा, हलगी थांबव. एवढं वळण गपचूप पार करा. मग वर काय ती वाजवा.”

“बेंदराची हलगी हाय. निकाल लागल्याबिगर थांबायची न्हाई.”

“कसला निकाल?”

दऱ्याप्पानं अंगातला सदरा काढून बैलाच्या पाठीवर टाकला. दोन पावलं मागं गेला, आणि शड्डू ठोकला.

तो आवाज सातलिंगच्या हाडांत गेला. हलगीनं लय बदलली, मैदानातली जलद लय धरली. माणसांनी आपोआप कडं केलं. सातलिंगचं रक्त उसळलं. दंड फुरफुरायला लागले. दऱ्याप्पाचा उजवा पाय जरा पुढं होता... हा एका डावात पडेल, सातलिंगला दिसत होतं. एका डावात. माणसं खांद्यावर घेतील. आरोळ्या उठतील.

आरोळ्या उठतील.

त्याच्या मागं, थोड्याच अंतरावर, काट्यांत ती बसली होती. एक कुत्रं कड्यातून निसटून त्या बाजूला नाक करून उभं राहिलं होतं. आणि बाभळीवर दोन कावळे.

सातलिंग पुढं झाला. खाली वाकून त्यानं माती उचलली, कपाळाला लावली. दऱ्याप्पानं सलामीला हात पुढं केला.

सातलिंगनं त्याच्या हाताला हात लावला. मग तो तिथंच, गाडीवाटेच्या मधोमध, खाली बसला आणि सावकाश मागं रेलला. आधी कंबर टेकली. मग पाठ. मग दोन्ही खांदे.

दोन्ही खांदे मातीला लागले.

तो तसाच पडून राहिला. वर आभाळ होतं.

हलगीवर पडणारी टिपरी हवेतच थांबली.

 म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्या मुलखात ज्याची पाठ कुणी बघितली नव्हती तो पैलवान, कुणी हात न लावता, चीत पडला होता.

“हे काय?” दऱ्याप्पाचा आवाज घोगरा झाला होता. “ऊठ. असं नसतं.”

“हरलो,” सातलिंग पडल्या पडल्याच म्हणाला. “तू जिंकलास. निकाल लागला. आता हलगी खाली ठेवायला सांग.”

“पर का?”

सातलिंगनं ओठांवर बोट ठेवलं.

शांततेत तो आवाज आला. जाळीतून. पिचक्या शिट्टीसारखा... आणि त्याला उत्तर देणारा, हलका, आईच्या गळ्यातला.

दऱ्याप्पानं मान वळवली. बराच वेळ तो जाळीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा आधी रागानं, मग दुसऱ्याच कशानं तरी बदलत गेला.

मग तो आपल्या बैलाजवळ गेला आणि त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ त्यानं दोन्ही मुठींत गच्च धरली. एकही घुंगरू वाजेना. त्यानं मानेनं मागच्यांना खूण केली.

मागच्यानं आपल्या बैलाची माळ धरली. त्याच्या मागच्यानं त्याच्या. कुणी वहाणा काढून हातात घेतल्या. कुणी त्या कुत्र्याला उचलून काखेत मारलं, बाकीची मागं आवरून धरली. रंगवलेल्या शिंगांचे ते मोठे बैल, झुली सावरत, त्या वळणावरून पाण्यासारखे सरकत गेले.

सातलिंग शेवटचा उठला. पाठीवरची माती त्यानं झटकली नाही.

वर अंगणात सगळे टेकले. तालमीच्या वस्तादांनी केशरी फेटा हातात धरला, आणि आता तो कुणाला बांधायचा ते त्यांना कळेना. सातलिंगनंच तो घेतला आणि दऱ्याप्पाच्या डोक्याला बांधला. दऱ्याप्पानं बांधू दिला. त्याच्या मुठी अजून वळलेल्या होत्या.

“गावात काय सांगू?” त्यानं विचारलं.

“तू जिंकलास म्हणून सांग.”

 जाताना दऱ्याप्पानं वळणावर पुन्हा माळ मुठीत धरली.

माणसं उतरून गेल्यावर सातलिंग अज्जांपाशी बसला. तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. दोन्ही एकाच वेळी.

“आता सगळ्या मुलखात होईल, अज्जा. सातलिंग पडला म्हणतील.”

“म्हणतील.”

“अज्जा... पाठ टेकली तेव्हा माती गार लागली. मला ठाऊकच नव्हतं.”

अज्जांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माती होती तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळ नुकतीच उजाडली होती. अंगणात मोर टिपत होते. सातलिंग भिंतीआड उभा होता. राहवत नसल्यानं एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

फाटकापाशी गवत हललं.

आधी मोडका तुरा आला. मग ती. आणि तिच्या पोटाखालून, पायांमधून, एकमेकांना ढकलत, धडपडत, पाचोळ्याच्या रंगाची चार पिल्लं.

सातलिंगचे पाय जागीच थांबले.

ती अंगणात आली. कोपऱ्यात न जाता सरळ दाण्यांकडं गेली. मोठा मोर आडवा आला, तर पंख फुलवून त्याच्यावर धावली. मोर बाजूला झाला. मग तिनं मोड आलेला एक हुलगा चोचीत उचलला, पिल्लांपुढं धरला, आणि गळ्यातल्या गळ्यात त्यांना बोलावलं. एक पिल्लू पुढं झालं. त्यानं टोच मारली, चुकली. पुन्हा मारली.

घास गेला.

भिंतीआड सातलिंगनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. खांदे हलत होते.

पिल्लांचं झालं. तिनं पाणी पाजलं, राखेच्या खड्ड्याला वळसा घातला, आणि परत निघाली. जाताना ती भिंतीला लागून, सातलिंगच्या पायाशेजारून गेली. अगदी हाताच्या अंतरावरून. तिनं मान वळवली नाही. थांबली नाही. गवतात शिरली, आणि मागून चार पिल्लं.

गवत हलायचं थांबेपर्यंत सातलिंग बघत राहिला.

मग तो पळत अज्जांकडं आला. पायरीवर आदळलाच.

“आली, अज्जा. चारही घेऊन आली. माझ्या पायाजवळून गेली. मी एवढ्या जवळ होतो...” तो धापा टाकत होता. “आणि तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.”

अज्जांनी वाती वळून ठेवल्या आणि त्याच्याकडं बघितलं.

“मग तिचा घास पोचला,” ते म्हणाले.